मास्तरांची बशी

प्रोजेक्टर बिघडला म्हणून मला बोलावणं येतं, तेव्हा निम्म्या वेळा प्रोजेक्टर ठणठणीत असतो. एका ऑफिसात चित्रच उमटेना म्हणून सगळे हवालदिल झाले होते. मी जाऊन भिंगावरचं झाकण काढलं. दुसऱ्या ठिकाणी चित्र उलटं पडत होतं. छताला टांगलेलं यंत्र त्यांनी खाली उतरवून टेबलावर ठेवलं होतं, पण ते यंत्राला कुणी कळवलं नव्हतं. एका हॉलमध्ये दिवा मधूनच विझायचा. पंख्याचा आवाज नको म्हणून तिथल्या व्यवस्थापकाने यंत्राला मायेने शाल पांघरली होती. अशा वेळी मी हसत नाही. हसलं की माणूस पुढच्या वेळी बोलवत नाही, आणि बोलावलंच तर खरं सांगत नाही.

माझी रीत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. घाईची माणसं सगळं एकदम बदलतात, आणि मग कशाने सुधारलं ते त्यांना जन्मात कळत नाही. माझा स्वभाव मुळातच संशयी आहे. नवऱ्याच्या मते जरा जास्तच, पण या कामात तो उपयोगी पडतो.

रंगाच्या कारखान्यातून फोन आला तो एका बाईचा होता. आवाज अगदी हळू, कुणी शेजारी झोपलेलं असावं तसा.

"ताई, चित्र पिवळं येतंय. असं मास्तर म्हणतात."

"तुम्हाला कसं दिसतंय?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही येऊनच बघा ना."

हे उत्तर मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. पण चित्र पिवळं म्हटलं की माझ्या डोक्यात पहिली येते ती केबल. जुन्या तऱ्हेच्या केबलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळ्या पिनांमधून येतात. निळ्याची पिन वाकली की निळा गळतो, आणि उरतो तो पिवळा. मी पिशवीत नवी केबल टाकली आणि निघाले. अर्ध्या तासाचं काम, असं घरी सांगूनही ठेवलं.

कारखाना भिंतींना लावायच्या रंगांचा होता. अंगणात डबे मनोऱ्यासारखे रचलेले, आणि सगळीकडे ओल्या चुन्यासारखा वास. वरच्या मजल्यावर एका बाजूला लॅब, तिला लागून बैठकीची खोली. तिथे पडदा नव्हताच. रंगाच्या कारखान्याने पडदा विकत आणायचा म्हणजे इज्जतीचा प्रश्न. त्यांनी समोरची भिंतच आपल्या पांढऱ्याने रंगवली होती आणि चित्र तिच्यावर पाडत होते. काम चांगलं होतं. भिंतीवर ब्रशाचा एक ओरखडा दिसेल तर शपथ.

पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उंच, काटकुळे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि इतकी वर्षं रंगात जाऊनही नखाला रंगाचा ठिपका नाही. हे मास्तर. गिऱ्हाईक नमुना आणून टाकतं आणि म्हणतं, असाच रंग द्या. तो डोळ्याने हेरून, थेंबाथेंबाने जुळवून देणारा माणूस म्हणजे शेड मास्तर. त्यांच्या मांडीवर पाटीएवढा एक रंगवलेला तुकडा होता आणि शेजारी एक लहान दिवा, दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश देणारा. तुकडा त्या दिव्याखाली धरून ते एकदा त्याच्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघत होते.

फोन करणारी बाई त्यांच्या मागे उभी होती. चाळिशीची असेल. तीही त्यांना मास्तरच म्हणत होती. पण दोघांचं नाक एकाच साच्यातून काढलेलं होतं, आणि माझी नजर तिथे खिळलेली मास्तरांनी पाहिली.

"मुलगी आहे माझी," ते म्हणाले. "पण कारखान्यात बाबा-बिबा चालत नाही. इथे मी मास्तर. मीच सांगितलंय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी मला प्रकरण समजावून दिलं. उद्या सकाळी गावोगावचे दुकानदार येणार होते. नव्या रंगपट्टीत फक्त पांढरे होते, नऊ तऱ्हांचे. नऊच्या नऊ मास्तरांनी या वर्षात बसवलेले. ते उद्या भिंतीवर दाखवायचे, दुकानदारांनी मागणी नोंदवायची, आणि संध्याकाळी डबे भरायला सुरुवात. मालकांनी मागच्या वर्षी रंग मोजायचं एक यंत्र घेऊन ठेवलं होतं. ते लॅबमध्ये कापडाखाली झाकलेलं होतं. ही पट्टी चालली तर कापड तसंच राहील आणि तुमची खुर्चीही, असा मालकांचा शब्द होता.

"नऊ पांढऱ्यांतला फरक दाखवायचाय मला," मास्तर म्हणाले. "आणि हा प्रोजेक्टरचा डबा पांढराच पिवळा दाखवतो. बघा."

लॅपटॉपवर नुसता कोरा पांढरा लावलेला होता. मी भिंतीकडे बघितलं. मला तो पांढरा वाटला. मग मी मास्तरांच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं, आणि खरंच, तुकड्यापुढे भिंत किंचित पिवळट वाटली.

"आहे थोडं," मी म्हणाले.

"थोडं?" मास्तर म्हणाले. "हळदीत बुडवलंय."

लॅबमधले दोघं मागे उभे होते, एक जाडा आणि एक त्याहून जाडा. दोघांनीही माना डोलावल्या. "हळदच," एक म्हणाला. "ओली हळद," दुसरा म्हणाला.

मी केबल बदलली. मास्तरांनी तुकडा दिव्याखाली धरला, भिंत बघितली आणि मान हलवली. मी यंत्राच्या आतली रंगांची सेटिंगं मुळावर आणली. मान हलली. जाळीतली धूळ काढली. एखाद्या पाखराला घरटं बांधता आलं असतं एवढी होती. तरी मान हललीच. दिवा म्हातारा झाला की उजेड पिवळटतो, म्हणून नवा दिवा घातला. भिंत आधीपेक्षा चांगली झगझगीत झाली.

"आता झगझगीत पिवळं आहे," मास्तर म्हणाले.

"झगझगीत," जाडा म्हणाला.

एवढ्यात मालक डोकावले. तरुण माणूस, हातात फोन, कायम कुठूनतरी निघालेला. भिंतीकडे बघून म्हणाले, "अरे वा! झकास दिसतंय की! झालं नीट?"

"पिवळं आहे," मास्तर म्हणाले.

मालकांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "हां, आहे खरं. आता तुम्ही म्हटल्यावर दिसतंय. बाई, हे आज झालं पाहिजे हं." आणि गेले.

मला हे खटकलं. आत येताना या माणसाला झकास दिसत होतं. मी केबल गुंडाळता गुंडाळता जाड्याला विचारलं, "तुम्ही लोक कधी मास्तरांच्या आधी बोलता का?"

त्याने जीभ चावली. "छे! मास्तरांच्या आधी रंग बोलायचा नाही. नियमच आहे लॅबचा."

"का?"

उत्तर मास्तरांनीच दिलं. त्यांचे कान तिखट होते. "कारण कान डोळ्याला बिघडवतो, बाई. कुणी म्हणालं हिरवट, की पुढच्या दहा जणांना हिरवट दिसतं. म्हणून ज्याचा डोळा पक्का, त्याने आधी बोलायचं. बाकीच्यांनी मग आपला डोळा त्याला लावून घ्यायचा. अशीच शिकतात माणसं."

नियमात तथ्य होतं, हे मी नाकारत नाही. फक्त त्या खोलीत चार माणसं होती आणि डोळे दोनच होते, हे माझ्या लक्षात आलं. बाकी सगळे री ओढत होते, आणि तुकडा बघून मीही ओढली होती.

मग मी गाडीतून माझा स्वतःचा प्रोजेक्टर आणला. वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या जातीचा, आदल्याच दिवशी तपासलेला. स्वतःचा लॅपटॉप लावला. भिंत संशयित ठरू नये म्हणून गुंडाळीचा पडदाही उघडला. आता त्या खोलीत त्यांचं असं काही चित्रात उरलं नव्हतं.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. "हासुद्धा पिवळा," ते म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता. "दोन्ही खराब निघाले."

दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळे दिवे, दोन वेगळ्या केबली, भिंत आणि पडदा. सगळ्यांना एकच दुखणं. असं होत नसतं. मी खुर्चीवर बसले आणि मनातल्या मनात उजळणी केली, काय काय बदललं. सगळं बदललं होतं. मास्तरांच्या हातातला तुकडा तेवढा सकाळपासून तोच होता.

यंत्र खराब आहे हे सांगणं सोपं असतं.

"मास्तर," मी जपून म्हटलं, "तुमचा तुकडा बाजूला ठेवून दुसरं काहीतरी पांढरं धरून बघायचं का? न रंगवलेलं?"

"कागद आण रे," त्याहून जाडा म्हणाला.

"कागद कसला पांढरा!" मास्तर डाफरले. "कागदात नीळ घातलेली असते. कपड्यातही असते." मग त्यांचा चेहरा उजळला. वादात हुकमी पान हाती आल्यासारखा. "बशी आण गं. बाईंना दाखवू. म्हणजे शंका फिटेल त्यांची."

मुलगी जागची हलली नाही.

"बशी म्हणजे?" मी विचारलं.

"माझ्या गुरूने दिलेली. चिनी मातीची. कप कधीच फुटला, बशी आहे. ऊन नाही, तेल नाही, काळ नाही, कशाने तिचा रंग बदलत नाही. मी उमेदवारी केली ती तिच्यावर. लॅबमधले हे दोघेही तिच्यावर शिकले. माणूस चुकेल, दिवा चुकेल, बशी चुकत नाही."

"हल्ली काढत नाही आपण ती," मुलगी म्हणाली.

"गरज नाही म्हणून काढत नाही. आता ती डोळ्यातच बसलीय माझ्या. आण."

"राहू दे ना, मास्तर. बाई बघतायत ना यंत्राचं."

"आण म्हटलं ना!"

ती गेली. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं की हिने ती बशी आधीच बघितलेली आहे. कधीतरी, एकटीने, त्याच दिव्याखाली. बघितली आणि जागेवर ठेवून दिली. फोनवर जो थोडा वेळ ती गप्प होती, तो या बशीचाच होता. मी उठून तिच्या मागे लॅबमध्ये गेले. कापडाखालच्या यंत्राशेजारच्या कपाटातून तिने फडक्यात बांधलेली बशी काढली आणि हातात धरून नुसती उभी राहिली.

"तुम्हाला चित्र कसं दिसतंय?" मी सकाळचाच प्रश्न विचारला.

"पांढरं," ती म्हणाली. "पहिल्यापासून पांढरं."

"आणि तुकडा?"

"निळसर. नऊच्या नऊ निळसर आहेत, ताई. आधी मला वाटलं माझाच डोळा कच्चा. मग एकदा बशीशी लावून बघितलं." तिने फडक्याची गाठ उगाच घट्ट केली. "त्यांच्या आधी मी आयुष्यात कधी रंग बोलले नाही. घरीसुद्धा नाही. साडी घ्यायची तरी ते सांगतात, ही मोरपंखी, ही नाही."

"उद्या डबे भरणार आहेत."

"माहीत आहे."

"मग?"

ती बशी घेऊन दाराकडे वळली. मला तिचा राग आला, आणि लगेच दयाही आली. बापाची खुर्ची वाचवायची तर बोलायचं होतं, आणि बोललं की बापाचा डोळा जात होता. अशा जागी मी असते तर मीही केबलवालीलाच फोन केला असता.

आम्ही परत आलो. मास्तरांनी स्वतः गाठ सोडली. बशी लहानशी होती, काठाला एक बारीक टवका गेलेला. त्यांनी ती हलक्या हाताने दिव्याखाली ठेवली, तिला लागून तुकडा ठेवला, आणि मला म्हणाले, "आता बघा. बशी आणि तुकडा एक. आणि मग भिंत बघा."

मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. बशीच्या शेजारी तुकडा निळा होता. नुकत्याच निळीतून काढलेल्या चादरीसारखा. जाड्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नियमाप्रमाणे आधी मास्तर बोलणार होते.

मास्तर वाकले, त्यांनी बशी थोडी फिरवली. शर्टाच्या बाहीने पुसली. पुन्हा ठेवली. मग फडक्याने पुसली.

"पिवळी पडलीय," ते हळूच म्हणाले.

कुणी री ओढली नाही.

बशी पिवळी पडत नाही, हे त्यांनीच दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पुढे त्यांनी जे केलं ते बघून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, तो अजून आहे. त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि बशी बघितली. मग डावा झाकला आणि बघितली. पुन्हा उजवा. एका वेळी एकच.

"या डोळ्याने कमी पिवळी," ते म्हणाले. "या डोळ्याने जास्त."

मी दोन्ही प्रोजेक्टर बंद केले. मग मी जे माहीत होतं ते बोलले.

"माझ्या आईला दूध पिवळं दिसायचं. भेसळ करता म्हणून डेअरीवाल्याशी वर्षभर भांडत होती. मोतीबिंदू निघाला."

"मग?"

"ऑपरेशन केलं. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुझे केस कधी पिकले?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. बशी आणि तुकडा यांच्यावर बोट ठेवलं. "तू सांग."

"मास्तर, तुम्ही आधी..."

"मी बोललो माझं. ते चुकीचं आहे. आता तू सांग."

तिने बशी जरा दिव्याकडे सरकवली. "बशी पांढरी आहे," ती म्हणाली.

"आणि तुकडा?"

"निळा."

"किती?"

"बराच." आणि एकदा फुटलेलं तोंड मग थांबेना. "तिसरा आणि सातवा सगळ्यात जास्त. पहिला सुधारेल, त्यात निळा थोडाच जास्त गेलाय. बाकीचे नव्याने करावे लागतील."

"सातवा मलाही खटकत होता," जाडा म्हणाला.

"तू गप," मास्तर म्हणाले, आणि ते ऐकून खोलीतल्या सगळ्यांना जरा बरं वाटलं.

मालक पुन्हा आले. दारातूनच विचारलं, "झालं का नीट?" आणि सवयीने मास्तरांकडे बघितलं.

मास्तर उभे राहिले. "प्रोजेक्टर नीटच होता. माझे पांढरे चुकलेत. नऊच्या नऊ. उद्या जुनीच पट्टी दाखवा, नवीला वेळ लागेल."

मालकांना वाटलं थट्टा चाललीय. मग त्यांनी एकेकाचे चेहरे बघितले आणि फोन खिशात ठेवला. "डोळे?" त्यांनी विचारलं.

"डोळे."

"ते काय, हल्ली अर्ध्या तासात होतं. माझ्या काकांचं..." मालक थांबले. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबी होता. "तोपर्यंत लॅबचं?"

"यंत्रावरचं कापड काढा," मास्तर म्हणाले. "आणि ते काहीही सांगो, आधी ही बोलेल. बशी हिच्याकडे राहील."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. मालक 'बघू' म्हणाले. तो 'बघू' कुठल्या बाजूचा होता ते मला कळलं नाही, आणि मास्तरांनाही कळलं नसावं. खुर्ची गेली की राहिली हे त्या दिवशी तरी कुणी ठरवलं नाही. ते दोघे जाडे तुकडे गोळा करून लॅबमध्ये गेले. मी माझा पडदा गुंडाळला, नवा दिवा काढून त्यांचा जुना परत बसवला. जुना अजून चांगला चालत होता.

मुलगी बशी फडक्यात बांधत होती. मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांनी दिवसाच्या उजेडाचा तो लहान दिवा उचलला आणि तिच्या डोक्याच्या बाजूला धरला. एक डोळा झाकला. मग दुसरा झाकला. मग दोन्ही हात खाली घेतले.

"मला नाही कळत," ते म्हणाले. "तू सांग. तुझे केस पिकलेत का गं?"

ती गाठ मारायची थांबली.

"कधीचेच, बाबा," ती म्हणाली.